भिंतीलगतचं झाड

१७ फेब्रुवारी

सहल कंपनीच्या मालकांनी दोन वह्या दिल्या. एक आकड्यांची, आणि ती भरली तर लागेल म्हणून दुसरी. दुसरी मी माझ्यासाठी ठेवून घेतली. सातवीत शाळा सुटली त्यानंतर एवढं लिहायची वेळ आली नव्हती. पण इथे बोलायला माणूस नाही. चौदा खोल्यांचं विश्रामगृह आणि आत मी एकटा. सीझन सुरू होईपर्यंत असंच.

कामं दोन. कंपनीच्या सगळ्या हॉटेलांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे गाडीने येतात. ते धुवायचे, इस्त्री करायचे, परत गाडीत भरायचे. शहरातली धुलाई बंद करून हे यंदाच इथे आणलंय. दुसरं काम म्हणजे जर्दाळूच्या कळ्या मोजायच्या. ऐकून मीही हसलो होतो. पण गेल्या वर्षी कंपनीने कॅलेंडर बघून फुलांच्या सहली आणल्या, आणि लोकांनी चार दिवस नुसता पाकळ्यांचा चिखल बघितला. म्हणून यंदा माणूस बसवलाय, तो मी.

रीत अशी. मळ्याच्या मध्यावरचं एक झाड धरायचं. त्याच्या दहा काड्यांना लाल फीत बांधायची. रोज बघायचं, किती कळ्या मिटलेल्या, किती फुगलेल्या, किती टोकाला गुलाबी, किती उमललेल्या. संध्याकाळी ऑफिसला फोन. निम्म्या कळ्या गुलाबी झाल्या की पंधरा दिवसांनी झाड पूर्ण फुलतं, आणि आठवडाभर तसं राहतं. त्या आठवड्याची तिकिटं विकायची.

नोकरी दाजींच्या शब्दावर मिळाली. दाजी आणि मालक शाळेत एका बाकावरचे. दोन वर्षांत माझ्या तीन नोकऱ्या झाल्या. निघताना ताई म्हणाली, "या वेळी टिक रे बाबा. माझ्यासाठी टिक." दाजी दारात उभे होते, काही बोलले नाहीत. हल्ली ते घरात बोलतच नाहीत. दिवसभर कारखान्यात आवाज असतो, घरी आल्यावर शांत बसावंसं वाटत असेल.

१९ फेब्रुवारी

मध्यावरचं झाड म्हणजे ओढा ओलांडून चढ चढायचा. चाळीस मिनिटं जायला. बर्फ वितळतोय, त्यामुळे पाय घोट्यापर्यंत आत. एक बूट चिखलातच राहिला, हाताने उपसून काढला. वर जाऊन बघतो तर काड्यांवर काडेपेटीच्या गुलाएवढे काळपट दाणे. त्यांना कळ्या म्हणायच्या. मोजल्या. सत्याऐंशी. सगळ्या मिटलेल्या.

परत येईपर्यंत चादरींची गाडी येऊन उभी. ड्रायव्हर म्हणाला, "कुठे फिरायला गेला होतास?"

२१ फेब्रुवारी

आज फिती सोडून आणल्या. धुलाईखोलीच्या मागे, अगदी भिंतीला लागून एक जर्दाळूचं झाड आहे. चांगलं डेरेदार. मळा जिथे संपतो तिथलंच, मळ्याच्या मालकीणबाईंचंच. झाड ते झाड. इस्त्री करता करता खिडकीतून दिसतं. दहा काड्यांना दहा फिती, पाच मिनिटांत काम झालं. शिवाय मोबाइलला रेंज फक्त तिथेच येते, आणि भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की बरं वाटतं, पलीकडे बॉयलर आहे ना. बाहेर दात वाजत असतात आणि पाठ मात्र शेकून निघते.

ताईला सांगितलं, झाड जवळ आणलं म्हणून. ती हसली. "तुला सगळंच जवळ हवं असतं," म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली.

२७ फेब्रुवारी

आज एकशे वीस चादरी. बॉयलर सकाळी सहाला लावला तो संध्याकाळी सातला बंद केला.

कळ्या फुगल्यात. कालच्या आणि आजच्यात डोळ्याला फरक दिसतो. ऑफिसात आकडे सांगितले तर बुकिंगच्या बाई म्हणाल्या, "अरे वा, यंदा लवकर." मला उगाच अभिमान वाटला, जणू मीच फुगवल्या.

ताईचा फोन. कारखाना यंत्रांच्या दुरुस्तीसाठी २२ ते २८ मार्च बंद राहणार. दाजींना वर्षातून तेवढीच सुटी. "त्या आठवड्यात फुलं असतील का रे?" तिने तीनदा विचारलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोघं कुठे म्हणून गेले नाहीत. ती म्हणाली, "मी त्यांना म्हटलंय, एकदा कुठेतरी लांब जाऊन येऊ, चार दिवस नीट बोलू, मग काय ते ठरवू." बहुतेक घर बदलायचं चाललंय त्यांचं.

मग विचारलं, "तिथे खोलीत पलंग दोन असतात की एक?" मी म्हटलं, दोन्ही आहेत, तुला कसली हवी? ती म्हणाली, "तुला जी बरी वाटेल ती दे." पाठदुखीमुळे विचारत असेल. मी त्यांच्यासाठी सात नंबर धरून ठेवलीय, मोठा पलंग आणि सकाळचं ऊन.

५ मार्च

पंच्याण्णवपैकी एक्कावन्न गुलाबी. फोन केला. मालक स्वतः बोलले. "नक्की?" म्हणाले. नक्की म्हटलं. पहिली बस २३ मार्चला इथे पोचणार. ताईच्या आठवड्यात चपखल.

मी ताईला कळवायच्या आत मालकांनी दाजींना कळवलं आणि दाजींनी कारखान्यातली सोळा माणसं तयार केली. ताई म्हणाली, "ते लोकांना सांगत फिरतायत, माझा मेहुणा तिथे साहेब आहे." मी दोनदा विचारलं, साहेब म्हणाले? "हो रे. साहेबच म्हणाले."

आज इस्त्रीत एक अभ्रा जळला. लक्ष नव्हतं.

७ मार्च

ताईचे प्रश्न. ओढ्याकाठी बाक आहे का? दोघांना बसता येईल एवढा? संध्याकाळी किती वाजेपर्यंत उजेड असतो? जाड स्वेटर लागेल की पातळ? मी म्हटलं, हवा तेव्हा मस्त असेल, पातळ आण. तिने नवा शिवलाय म्हणे निळा ब्लाउज. "एवढे चार दिवस चांगले जाऊ देत," असं म्हणाली, ते मला नव्हे, स्वतःशीच.

बाक नव्हता. मी जुनं दार आणि दगड लावून एक केला. डुगडुगतो थोडा.

१० मार्च

काल तीन फुलं उमलली. आज अकरा. आणि आज मळ्याच्या मालकीणबाई आल्या. इतके दिवस मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. साठीच्या पुढच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात कात्री. मी काकू म्हणायला लागलो, त्यांनी चालवून घेतलं.

मी मोठ्या ऐटीत त्यांना फिती दाखवल्या. त्या झाडाकडे बघत राहिल्या. मग भिंतीवर तळहात ठेवला. काढला. परत ठेवला. म्हणाल्या, "आत काय आहे?"

"बॉयलर. यंदा धुलाई इथेच आहे."

"किती दिवस चालू?"

"महिना होत आला. रोज."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात झाडाच्या बुंध्यावर ठेवला, भिंतीकडच्या बाजूला. कोमट होता. मग बाहेरच्या बाजूला. गार. पायाने माती उकरून दाखवली. सगळीकडे चिखल आणि या झाडाच्या मुळाशी कोरडी भुसभुशीत.

"हे झाड नाही रे मोजणीदार," म्हणाल्या, "ही चूल आहे. आणि लाकडं तूच घालतोयस."

मी विचारलं, मग वरची झाडं? त्या म्हणाल्या, "जाऊन बघ की. पाय आहेत ना?"

गेलो. पळत गेलो. वीस मिनिटांत पोचलो असेन. वर सगळा डोंगरउतार काळा. कळ्या जराशा फुगल्यात, बस. गुलाबी एक नाही. शंभर झाडं तरी बघितली असतील. एखादं तरी निघेल असं वाटत होतं.

११ मार्च

काकूंना विचारलं, कधी फुलतील. "एप्रिलची चार-पाच. चांगलं ऊन पडलं तर तीन." म्हणजे बस येईल त्यानंतर बारा दिवसांनी. बस निघून गेल्यावर आठ दिवसांनी.

संध्याकाळी ऑफिसला फोन केला आणि भिंतीच्याच झाडाचे आकडे सांगितले. उमललेल्या सतरा. बाई म्हणाल्या, "छान."

का सांगितले, माहीत नाही. तोंड उघडलं आणि तेच आकडे आले.

१३ मार्च

काल आणि आज ढग. मी सारखा वर बघतोय. मान दुखते.

जेवण जात नाही. मनात हिशेब चाललाय, एक्केचाळीस माणसं बसमधून उतरतील, सोळाजण दाजींकडे बघतील, दाजी ताईकडे बघतील. ताई नवा ब्लाउज घालून. मग माझं डोकं तिथेच अडकतं, पुढे जात नाही.

याआधीच्या तिन्ही नोकऱ्या मी सोडल्या, कुणी काढलं नव्हतं. अडचण आली की पिशवी भरायची, एवढंच मला येतं. आजही पिशवी काढून पलंगावर ठेवली होती. मग तिच्यात अभ्रे भरून ठेवले, निदान रिकामी दिसू नये म्हणून.

१४ मार्च

युक्ती सुचली. सकाळी वर जाऊन तीसेक डहाळ्या कापून आणल्या. बादल्यांत कोमट पाणी घालून बॉयलरजवळ ठेवल्या. भिंतीपलीकडचं झाड फुलतं तर भिंतीअलीकडच्या डहाळ्या का नाही? निदान जेवणघरात आणि सात नंबरात फुलं दिसतील. बाकी बाहेरचं, लोकांना सांगता येईल की काल वारा फार झाला.

मला माझीच शिसारी आली, पण डहाळ्या आणल्या.

१५ मार्च

काकू थेट धुलाईखोलीत आल्या. कापलेल्या जागा बघून माग काढत आल्या होत्या. बादल्या बघितल्या. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्या उपडी टोपली घेऊन बसल्या.

"किती कापल्यास?"

"तीस."

"एका डहाळीला पाव टोपली फळ येतं. कर गुणाकार. तुला आकडे आवडतात ना?"

मी सगळं सांगितलं. ताई, दाजी, सोळा माणसं, खोली नंबर सात. शेवटी म्हणाल्या, "आणि त्या झाडाचं काय करणार? भिंतीच्या? फुललंय, पण मधमाशी अजून बाहेर पडलेली नाही. यंदा त्याला एक फळ धरणार नाही. पाकळ्या गळतील आणि संपलं. ते झाड काय तुझ्या मालकाला फोन करणार आहे? करायचा तो तुलाच."

"उद्या करतो," म्हटलं.

"आज मी टोपलीवर बसलेय तोवर कर."

पण मालकांचा फोन लागला नाही. खरंच लागला नाही. काकूंनी स्वतः कानाला लावून ऐकला, मग उठल्या.

१६ मार्च

केला. सकाळी नऊला.

"झाड कुठलं म्हणालास?"

"बॉयलरच्या भिंतीचं."

"मी कुठलं सांगितलं होतं?"

"मध्यावरचं."

"मग?"

"लांब होतं."

"लांब होतं," मालक म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "एक्केचाळीस माणसं सहाशे किलोमीटर येणार होती. तुला चाळीस मिनिटं लांब झाली."

पहिली बस आता ६ एप्रिलला. ज्यांना जमेल ते येतील, बाकीच्यांची माफी मागायची. माझं काय ते सीझन संपल्यावर बघू म्हणाले, आत्ता दुसरा माणूस कुठून आणणार. "तोवर मोज. आणि पायाने चालत जाऊन मोज."

ताईला मी सांगायच्या आत मालकांनी दाजींना सांगितलं असणार.

फिती सोडून वर नेल्या. जुन्याच झाडाला बांधल्या.

१७ मार्च

दाजींचा फोन. इथे आल्यापासून पहिलाच.

"कुठल्या दिवशी बदललंस झाड?"

"एकवीस फेब्रुवारीला."

"तुझ्या ताईला माहीत होतं?"

मी पटकन म्हटलं, "नाही दाजी. तिला काहीच माहीत नव्हतं."

"बरं," म्हणाले. मग, "जेवलास का?"

हो म्हटलं. त्यांनी ठेवला.

निदान ताईला यातून बाहेर काढलं. या महिन्यात तेवढं एक काम नीट झालं.

१८ मार्च

ताईचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही.

वर: सत्याऐंशी कळ्या, फुगलेल्या एक्काहत्तर, गुलाबी पाच.

२० मार्च

ताईचा फोन.

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"तुला माहीत नव्हतं म्हणून सांगितलं."

"मी त्याआधी तासभर त्यांना सांगून बसले होते की मला माहीत होतं. तू फोनवर म्हणालास आणि मी हसले, हेसुद्धा सांगितलं. कधी नव्हे ते समोर बसून बोलत होतो आम्ही. ऐकत होते ते. मग म्हणाले, एकदा त्याच्याशी बोलतो."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"ठेवल्यावर म्हणाले, तुम्हा बहीणभावांत कोण खोटं बोलतंय ते तुम्हीच ठरवा. मी थकलो."

"मला वाटलं तुला वाचवतोय."

"हो," ताई म्हणाली. "मला वाचवायला सगळेच पुढे असतात. मला कुणी विचारत नाही."

त्या सोळा जणांनी समुद्रकिनाऱ्याची सहल ठरवलीय. दाजी त्यांच्याबरोबर जाणार. त्यांनीच लोकांना तयार केलं होतं, त्यांना जावं लागेल, असं ताई म्हणाली. मी विचारलं, आणि तू?

"मी तिकडे येतेय. तेवीसलाच."

"ताई, फुलं नाहीयेत."

"फुलांचं कोण बोलतंय," म्हणाली.

२३ मार्च

दुपारच्या साध्या बसने ताई आली. एकटी. दोन सुटकेस, आणि तिच्या शिलाई मशीनचं वरचं मुंडकं, जुन्या रजईत गुंडाळून, मांडीवर घेऊन. बसमधून ते मीच उतरवून घेतलं, तेव्हा वजन कळलं. एवढं मांडीवर घेऊन ती अकरा तास बसली होती.

"चार दिवसांसाठी मशीन कशाला?"

"अभ्र्यांच्या शिवणी उसवल्या असतील ना," म्हणाली आणि दुसरीकडे बघितलं.

सात नंबर उघडून दिली. तिने पलंग बघितला आणि म्हणाली, "लहान खोली नाही का रे एखादी?" तिला अकरा नंबर दिली. एक पलंग, एक खिडकी.

मग मागच्या अंगणात आली, आणि तिथे ते भिंतीचं झाड. पूर्ण फुललेलं. एक पान नाही, नुसती फुलं, खाली पाकळ्यांचा थर, बाजूला दोऱ्यांवर माझ्या चादरी. बाकी जिथवर नजर जाईल तिथवर काळ्या काड्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती झाडाखाली गेली, उपड्या बादलीवर बसली, भिंतीला पाठ टेकली.

"गरम आहे की खरंच," म्हणाली. आणि रडली. मी इस्त्रीला गेलो. मला तिथे उभं राहता येईना.

२६ मार्च

ताईने धुलाईखोलीचा ताबा घेतलाय. माझी चादर घडी घालायची पद्धत तिला पसंत नाही. "ही काय घडी आहे की गाठोडं?" काकू आल्या. ताईला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "याची मोठी बहीण ना तुम्ही? मग थोडी चूक तुमचीही." ताई म्हणाली, "थोडी कशी, बरीच." दोघी हसल्या. मला हसू नाही आलं.

काकूंच्या तीस डहाळ्यांच्या बदल्यात मी रोज दोन तास त्यांच्या मळ्यातली दगडं उचलतो. माझं मीच म्हटलं, त्या काही म्हणाल्या नव्हत्या.

वर: गुलाबी बावन्न. निम्म्याच्या वर. काकू म्हणतात, ऊन असंच राहिलं तर पंधरा दिवसही लागणार नाहीत.

२९ मार्च

चार दिवस कधीच झाले. ताई जायचं नाव काढत नाही. आज वर मोजायला माझ्याबरोबर आली. माझे जुने बूट घालून. ओढ्याशी मी बनवलेल्या बाकावर टेकली, बाक डुगडुगला, ती उठली.

मी शेवटी विचारलं. "माझ्यामुळे झालं ना?"

वर पोचल्यावर दम खात म्हणाली, "भांडणं तुझ्यावरून व्हायची. तुझी नोकरी गेली की, आली की. पण तू नसतास तर दुसऱ्या कशावरून झाली असती. आम्हाला दोघांना सरळ बोलता येत नव्हतं, मग तुझ्याबद्दल बोलायचो." मग म्हणाली, "परत जायचं असं काही ठरवून आले नाही मी. नाही जायचं असंही नाही. तू विचारत राहू नकोस."

म्हणजे घर बदलण्याचं काहीच नव्हतं. मी फेब्रुवारीत काय काय लिहिलंय ते मागे जाऊन वाचलं. पलंगाचं, बाकाचं. पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं.

२ एप्रिल

मालकांचा फोन. सहा तारखेच्या बसमध्ये एकोणीस माणसं. "आकडे?" म्हणाले. सांगितले. "हे कुठल्या झाडाचे?" रोज विचारतात आता. रोज सांगतो, मध्यावरच्या, वर जाऊन आलो. एकदा म्हणाले, दम लागलेला ऐकू येतोय.

हवा इतकी सुखाची झालीय की राग येतो. पातळ स्वेटरही नको. ताई खिडकी उघडी टाकून शिवत बसते. त्रेसष्ट अभ्रे झाले तिचे.

४ एप्रिल

काकू म्हणाल्या तसंच झालं. सकाळी वर गेलो तर उतार ओळखू येईना. मी काल संध्याकाळी गेलो होतो तेव्हा एवढं नव्हतं. खाली येऊन ताईला घेऊन परत गेलो. ती झाडांमधून खूप आतपर्यंत गेली, मला दिसेनाशी झाली. मधमाश्यांचा आवाज एवढा होता की हाक मारली असती तर पोचली नसती.

खाली अंगणात आलो आणि फोन वाजला. दाजी.

"फुलली का?"

"फुलली दाजी. आज. सत्याऐंशीतली अठ्ठ्याहत्तर."

"बरं." मग, "ती कुठे आहे?"

ताई माझ्यासमोर उभी होती. तिने तळहात गालाखाली धरून मान कलती केली, झोपलीय म्हणून सांग. मी तिच्याकडे बघितलं. तिने परत तशीच खूण केली, जरा जोरात.

"इथेच आहे," मी म्हटलं. "जागी आहे दाजी. बोलायचं नाही म्हणतेय."

ताईने असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो.

दाजी म्हणाले, "खरं सांगितलंस ते बरं केलंस." आणि म्हणाले, "उद्या अकराला करतो. तिला सांग. नाही बोलली तरी चालेल, परवा करेन."

मी शब्दाला शब्द तसाच सांगितला. ताई म्हणाली, "एवढं सांगायची गरज नव्हती तुला," आणि आत जाऊन दार लावलं. जेवायला आली नाही. मी ताट दाराशी ठेवलं. नंतर बघितलं तर रिकामं होतं.

५ एप्रिल

उद्याच्या बससाठी नऊ खोल्या लावायच्या होत्या, पण सकाळपासून दोघांचंही लक्ष घड्याळाकडे. ताईने इस्त्री घेतली. एकच चादर तीनदा केली. मी फोन झाडाकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, रेंजच्या जागी, आणि उगाच हँगर लावत बसलो.

अकराला दोन मिनिटं असताना वाजला.

मी हात लावला नाही. ती हलली नाही. पाच वेळा वाजला. मग तिने इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं, वायर गुंडाळली, हात पुसले, आणि फोन उचलला. "हं," म्हणाली. नुसतं हं.

मी बाहेर जायला हवं होतं, पण दाराजवळ चादरींचा लोखंडी गाडा होता आणि तो सरकवायचा तर खडखडाट झाला असता. म्हणून धुतलेल्याच आठ चादरी उचलून परत मशीनमध्ये टाकल्या आणि मशीन चालू केलं. त्याचा आवाज मोठा आहे. माझ्या कानावर काही येणार नाही आणि तिला सावकाश बोलता येईल. पाऊण तास चालतं ते.